बंद कारखान्याची भूमी आणि नगराचे उद्यान
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून होणाऱ्या व्याख्यानांचे विषय साधारणतः ठरलेले असतात. मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, शिष्यवृत्तीचा निधी, वसतिगृह हे विषय महत्त्वाचे आहेत, आणि त्यांवर माझ्याहून अधिकारी मंडळी आजवर बोलत आली आहेत. आज मी घेतलेला विषय प्रथमदर्शनी आपणांस दूरचा वाटेल. मोठा कारखाना बंद पडल्यावर त्याच्या विस्तीर्ण जमिनीचे काय करावे, आणि तेथे नगराला चिरकाल उपयोगी पडेल असे उद्यान करावयाचे झाल्यास ते कोणत्या विचाराने करावे, हा तो विषय. वास्तविक तो आपल्या उंबरठ्यावरचाच आहे. आपल्या ज्ञातीतील किती कुटुंबांची पहिली मुंबई म्हणजे गिरणगावातील चाळीची खोली आणि पहाटेचा भोंगा होती, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगावयास नको. ज्या जमिनीवर आपल्या वाडवडिलांनी पाळ्यांमागून पाळ्या करून देह झिजविला, तिचे पुढे काय झाले आणि काय होऊ शकले असते, हे जाणून घेणे म्हणजे एका अर्थी आपल्याच कुळाचा इतिहास जाणून घेणे होय.

प्रथम उद्यान या शब्दाविषयी थोडे बोलतो. हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे कातरलेली मेंदी, कारंजे आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी उभी राहते. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. त्यापूर्वी आपल्या गावांना वडाचा पार होता, नदीचा घाट होता, देवराई होती. पाराला माळी लागत नसे आणि देवराईला कोणी पाणी घालीत नसे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या ती स्थळे टिकली. कारण तेथील झाड, पाणी आणि माणूस यांचे परस्परांशी जुळलेले होते. आजकाल ज्याला शाश्वत उद्यान म्हणतात, त्याचे मर्म यापेक्षा निराळे नाही. जे पावसाच्या पाण्यावर जगते, ज्याच्या देखभालीचा भार दरवर्षी वाढत नाही, जे नगराचे पाणी मुरविते व उष्मा कमी करते, आणि ज्याला आसपासचे लोक आपले मानतात, ते उद्यान टिकते. कारखान्याच्या जमिनीवर हे साधणे अधिक कठीण असते. कारण तेथील माती निरोगी नसते आणि तेथील आठवणीही सुखाच्याच असतात असे नाही.

माणसाने राबवून टाकून दिलेल्या जमिनीवर उद्यान करण्याची कल्पना आजची नाही. पॅरिस शहरात जिप्समच्या उजाड खाणींच्या जागी आल्फां या अभियंत्याच्या देखरेखीखाली ब्यूत-शोमों नावाचे सुमारे २५ हेक्टरांचे उद्यान १८६७ साली खुले झाले. परंतु तेथे जुन्या खाणीचे रूप पालटून टाकण्यावर भर होता. कृत्रिम सरोवर, खडक व धबधबा यांची रचना करून एक रम्य देखावा उभा केला गेला. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी जर्मनीत याहून वेगळा विचार पुढे आला. तो मला विशेष मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

जर्मनीच्या पश्चिम भागात रूर नावाचा कोळशाचा व पोलादाचा मुलूख आहे. त्यातील ड्यूसबुर्ग शहराच्या माइडरिष भागात आउगुस्ट थिसेन या उद्योगपतीने लोखंडाचा कारखाना उभारला. १९०३ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली. पुढे ८० वर्षांहून अधिक काळ तेथे लोहखनिज वितळवून कच्चे लोखंड गाळण्याचे काम चालले आणि एकंदर सुमारे ३ कोटी ७० लाख टन लोखंड बाहेर पडले. युरोपात पोलादाचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होऊ लागल्यावर १९८५ साली हा कारखाना बंद झाला. मागे राहिले ते गंजते मनोरे, रिकामी कोठारे, काळी पडलेली माती आणि बेकार झालेले लोक. सर्व पाडून जमीन मोकळी करावी, असाच विचार प्रथम झाला. परंतु तेथील नागरिकांनी संघटित होऊन त्यास विरोध केला. ज्या भट्ट्यांपाशी आपल्या दोन-तीन पिढ्या राबल्या, त्या नाहीशा केल्या तर आमच्या आयुष्याला पुरावाच उरणार नाही, अशी त्यांची भावना होती. अखेर त्या प्रांताच्या सरकारने जमीन विकत घेतली आणि १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत संपूर्ण एम्शर नदीच्या खोऱ्याच्या पुनरुज्जीवनाची जी मोठी योजना राबविली गेली, तिच्यात हे स्थळ समाविष्ट झाले.

पाच संघांकडून आराखडे मागविण्यात आले आणि १९९१ साली पेटर लाट्स या भूदृश्यरचनाकाराच्या आराखड्याची निवड झाली. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने पाडण्यापासून आरंभ केला नाही. जे आहे त्याचा नवा उपयोग कोणता होईल, हा प्रश्न त्याने प्रत्येक भिंतीस व प्रत्येक टाकीस विचारला. सुमारे १८० हेक्टरांचे हे उद्यान १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे एक झोतभट्टी लोकांना चढून जाण्यासाठी राखली आहे. तिच्या माथ्यावरून सारा मुलूख दिसतो. वायू साठविण्याची जी प्रचंड टाकी होती, तीत सुमारे २ कोटी लिटर पाणी भरून पाणबुड्यांसाठी सरावाची जागा केली. लोहखनिजाच्या कोठारांच्या उंच भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो, तर काही कोठारांत लहान लहान बागा फुलविल्या आहेत. कारखान्यातच सापडलेल्या ४९ अवजड लोखंडी पट्ट्या चौकोनात मांडून सभेचा चौक तयार केला. त्यांवर आजही उन्हापावसाने गंजाच्या छटा उमटत असतात. उद्यानाला तिकीट नाही, आणि ते अहोरात्र उघडे असते.

वनस्पतींच्या बाबतीतही तेथे असाच विवेक केला गेला. कारखाना बंद पडल्यानंतरच्या काळात रुळांच्या कडेला, राखेच्या ढिगांवर, भिंतींच्या फटींत बर्च आणि इतर अनेक झाडेझुडपे आपोआप उगवली होती. दूरदेशांहून आलेल्या खनिजाबरोबर परकी बियाणेही आले होते. तेथे सातशेहून अधिक जातींच्या वनस्पतींची नोंद झाली आहे. ती सर्व उपटून एकसारखी हिरवळ पसरविणे सोपे होते. पण आपल्या बळावर उगवलेल्या झाडाला पाणी द्यावे लागत नाही, हे तेथील जाणकारांनी ओळखले. आपल्याकडेही बंद गिरणीच्या धुराड्यावर पिंपळ किंवा उंबर रुजलेला आपण पाहतो. आपण त्याला अवकळा समजतो. ड्यूसबुर्गच्या लोकांनी त्यास जमिनीने टाकलेले पहिले पाऊल मानले, इतकाच फरक.

हे चित्र मनोहर आहे. परंतु त्यामागे एक कठोर काम दडलेले आहे, आणि त्याचा विसर पडता कामा नये. कारखान्याच्या जमिनीत विष असते. कोळशापासून वायू किंवा कोक करताना डांबरासारखी द्रव्ये मातीत झिरपतात; धातुकामात शिसे, जस्त, कॅडमियम यांसारखे जड धातू साचतात. वरून मातीचा थर देऊन गवत लावले, म्हणजे विष नाहीसे होत नाही. ते केवळ डोळ्यांआड होते. म्हणून अशा जमिनीवरचे पहिले काम कुदळीचे नसून परीक्षेचे आहे. जागोजागी खोलवरची माती आणि विहिरींचे पाणी तपासून कोठे काय आहे, याचा नकाशा तयार केल्यावाचून एकही रोप लावू नये. ड्यूसबुर्ग येथे सर्वांत दूषित माती भक्कम कोठारांत कायमची बंद केली. ज्या भागात दोष सौम्य होता, तो भाग निसर्गाच्या मंद गतीने सुधारू दिला आणि तेथे माणसांचा वावर मर्यादित ठेवला. म्हणजे विषाच्या तीव्रतेप्रमाणे उपाय, आणि उपायाप्रमाणे जागेचा वापर, असा क्रम त्यांनी लावला.

अमेरिकेतील सिॲटल शहरात १९०६ ते १९५६ या काळात कोळसा व तेल यांपासून वायू तयार करणारा कारखाना होता. त्याच्या सुमारे २० एकर जागेवर रिचर्ड हाग यांनी केलेले उद्यान १९७५ साली खुले झाले. तेथे तेलाने माखलेल्या मातीत सांडपाण्याचा गाळ, भुसा इत्यादी सेंद्रिय द्रव्ये मिसळून ती नांगरली, जेणेकरून मातीतील सूक्ष्म जीवच त्या तेलाचे विघटन करतील. त्या काळी हा प्रयोग धाडसाचा होता आणि त्याचा पुष्कळ उपयोगही झाला. तथापि खोलवर राहिलेल्या डांबरट द्रव्यासाठी नंतरच्या वर्षांतही तेथे पुनःपुन्हा उपाय करावे लागले. यावरून विषारी जमिनीची शुश्रूषा एका उद्घाटनाने संपत नाही, ती पिढ्यांची जबाबदारी असते, हा धडा मिळतो.

आपल्या देशातील उदाहरण याहूनही दारुण आहे. १९८४ सालच्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्यातील मनुष्यहानी सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास २०२५ सालचा जानेवारी उजाडला, म्हणजे मध्ये ४० वर्षे गेली. जमीन विसरत नाही, हे सांगावयास याहून मोठा दाखला कोणता हवा?

काही बाबतीत आपली भूमी आपल्याला साह्यही करते. उन्हाळ्यात पाण्याच्या माठात आपण जो सुगंधी वाळा टाकतो, त्याच वाळ्याचे गवत आज अनेक देशांत दूषित मातीवर लावले जाते; कारण त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात आणि पुष्कळ जड धातूंचा उपसर्ग ती सोसू शकतात. मात्र अशा जमिनीवर वाढलेला वाळा कोणी माठात टाकावयाचा नाही. तो वेळोवेळी कापून सुरक्षितपणे नष्ट केला पाहिजे. आणि जेथे मातीविषयी शंका असेल, तेथे फळझाडे व भाजीपाला लावण्याचा मोह टाळला पाहिजे. सावली देणारी, आपल्या हवेत रुळलेली करंज, ताम्हण, कदंब, बकुळ यांसारखी झाडे शुद्ध केलेल्या भागात लावावीत, हे उत्तम.

मातीनंतर पाण्याचा विचार येतो. रूरच्या मुलुखात कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत असे. त्यामुळे जमिनीखाली गटारे बांधणे शक्य नव्हते, आणि एम्शर नदीलाच काँक्रीटच्या पात्रातील उघडे गटार करून टाकले होते. खाणी बंद होत गेल्यावर सांडपाणी भूमिगत नळांतून नेणे शक्य झाले. उद्यानातून जाणाऱ्या जुन्या एम्शरच्या पात्राखालून सांडपाण्याचा मोठा नळ टाकला आणि वरच्या पात्रात केवळ छपरांवरचे व फरसबंदीवरचे पावसाचे पाणी येऊ दिले. वाऱ्यावर फिरणारे चक्र ते पाणी वर उचलते व बागांतून खेळविते. संपूर्ण नदी सांडपाण्यापासून मुक्त होण्यास मात्र २०२१ सालची अखेर उजाडावी लागली. पाण्याचे दोन प्रवाह, एक मलिन व एक स्वच्छ, वेगळे ठेवणे हे या साऱ्या योजनेचे सूत्र होते.

मुंबईकरांना पाण्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्रीच्या आठवणी प्रत्येक घरात आहेत. आपल्या कापड-गिरण्यांना पाण्यासाठी स्वतःचे तलाव असत, हे जुन्या कामगारांना आठवत असेल. तलाव, मोकळे आवार आणि झाडे यांनी युक्त अशा त्या जमिनी एकत्रितपणे पाहिल्या असत्या, तर शहराच्या मध्यभागी पावसाचे पाणी धरून ठेवणारी आणि लोकांना श्वास घेऊ देणारी जागा आपल्या हाती होती.

यामुळे मी आपल्या गिरणगावाकडे येतो. ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड-गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, लोअर परळ हा सारा भाग गिरण्यांच्या धुराने व माणसांच्या श्रमाने भरून गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्याचे राजकारण आज मला सांगावयाचे नाही. परंतु मी शिक्षकाच्या नोकरीत रुजू झालो त्या सुमारास गिरणी कामगारांच्या वस्तीतील एका शाळेच्या हजेरीपटावर त्या संपाची छाया मी प्रत्यक्ष पाहिली. सहामाही परीक्षेपूर्वीच नावांपुढे ‘गावी गेला’, ‘गावी गेली’ असे शेरे पडू लागत. काही मुले पुढे परत आली. कित्येक आली नाहीत. साचेखात्यातील बापाचा पगार बंद झाला की मुलीच्या वहीचा खर्च पहिल्याने बंद होतो, हे त्या शेऱ्यांनी मला शिकविले. म्हणून गिरणीच्या जमिनीचा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ नगररचनेचा नाही. त्या जमिनीच्या किमतीत अशा मुलांच्या शाळेची वर्षेही मिसळलेली आहेत.

गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने अशा जमिनीच्या पुनर्विकासात ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकास, अशी वाटणी ठरविली होती. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा अभ्यास केला आणि तुकड्यातुकड्यांनी बांधकाम करण्याऐवजी त्यांचा एकत्रित आराखडा सुचविला. तो अमलात आला नाही. २००१ साली नियमात बदल होऊन ही वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ मोकळ्या जमिनीस लागू झाली. त्यामुळे सार्वजनिक वाटा फारच आकसला. २००५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने जनहिताच्या बाजूने निर्णय दिला. पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. त्यानंतर त्या भागात काय उभे राहिले, ते आपण जाता-येता पाहतोच. आणि अनेक गिरणी कामगार कुटुंबे आजही हक्काच्या घराची वाट पाहत आहेत.

मी हे सांगतो ते केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी नव्हे. आपल्याकडे हे काम होऊच शकत नाही, अशी निराशा कोणी बाळगू नये. माहीम-धारावीच्या सीमेवर मिठी नदीच्या काठी १९७७ पर्यंत शहराचा कचरा टाकला जात असे. त्या ३७ एकर जागेवर माती सुधारून झाडे लावली गेली, आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. तेथे आज दाट झाडी आहे, पावसाचे पाणी साठविणारे तळे आहे, पक्षी व फुलपाखरे आहेत. शाळेतील मुलांच्या सहली तेथे जातात. कारखान्याची जमीन आणि कचऱ्याची जमीन यांत भेद आहे हे खरे; परंतु ज्या मातीला कोणी हात लावू इच्छीत नव्हते, तिला वनराईचे रूप आपल्याच लोकांनी दिले, हे त्याहून अधिक खरे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेवर वस्त्रोद्योग-संग्रहालय करण्याचे कामही मुंबई महापालिकेने हाती घेतले. तेथे जुने यंत्र राहावे, आणि त्या यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे नावही राहावे, अशी अपेक्षा आपण केली पाहिजे.

येथे एक रास्त शंका निघते. ज्या शहरात माणसांना राहावयास घरे नाहीत, तेथे उद्यानाची चैन कशाला? या शंकेचा मी आदर करतो. कारण एका खोलीत आठ-दहा जणांनी दिवस काढलेल्या लोकांची ती शंका आहे. परंतु ज्याचे घर लहान, त्यालाच घराबाहेरची जागा अधिक हवी असते. मोठ्या बंगल्याला स्वतःचे अंगण असते. चाळीतील वृद्धाला व शाळकरी मुलाला सार्वजनिक अंगणावाचून दुसरे अंगण नाही. खाणावळ चालवून दोन-दोन डझन कामगारांना जेवू घालणाऱ्या आपल्या माता-भगिनींना दिवसाकाठी घटकाभर बसावयास जागा कोठे होती? घर आणि उद्यान यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हाच मूळ दोष आहे. ५८ व्या नियमाची मूळ वाटणी त्या दोहोंना एकाच जमिनीत स्थान देत होती.

त्याचबरोबर उलट बाजूचा धोकाही ओळखला पाहिजे. न्यूयॉर्क शहरात जुन्या मालगाडीच्या उन्नत मार्गावर २००९ सालापासून हाय लाइन नावाचे उद्यान झाले. ते अतिशय गाजले. परंतु त्याच्या भोवतालच्या जागांच्या किमती भराभर चढल्या, आणि जवळच राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या लोकांपर्यंत आपण पुरेसे पोहोचलो नाही, असे त्याच्या एका संस्थापकानेच पुढे उघडपणे सांगितले. उद्यान सुंदर झाले आणि शेजारी हद्दपार झाले, तर त्या सौंदर्याचा उपभोग कोणी घ्यावयाचा? म्हणून उद्यानाचा आराखडा करतानाच भोवतालच्या भाडेकऱ्यांच्या घरांचे संरक्षण, विनामूल्य प्रवेश आणि देखभालीच्या कामात तेथील रहिवाशांना रोजगार, या गोष्टी त्यात लिहिल्या गेल्या पाहिजेत. नंतर त्या जोडता येत नाहीत.

बंधुभगिनींनो, हे सर्व ऐकल्यावर आपण विचाराल की, आपल्यासारख्या लहान ज्ञातिमंडळाने यात काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पहिली अशी की, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये कोणत्याही शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे नागरिकांकडून हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे. हा अधिकार कागदावरचा नाही. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांच्या तीव्र हरकतींमुळे नव्याने करावा लागला. आपल्या ज्ञातीत आज अभियंते आहेत, वकील आहेत, वास्तुविशारदही आहेत. त्यांच्यापैकी तिघा-चौघांनी मंडळाच्या वतीने असे मसुदे वाचावेत, आपापल्या गावातील बंद कारखान्यांच्या जमिनींवर कोणते आरक्षण दाखविले आहे ते पाहावे, आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी. मुंबईखेरीज इतर शहरांतही कारखाने बंद पडत आहेत. एक संधी गेली, म्हणून पुढच्याही जाव्यात असे नाही. माती तपासली काय, पाण्याची व्यवस्था काय, जुने अवशेष राखणार काय आणि आत येण्यास पैसे लागणार काय, हे चार प्रश्न जरी आपल्या पत्रात असले, तरी वाचणाऱ्या अधिकाऱ्यास उत्तर शोधावे लागेल.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आणि अधिक निकडीची आहे. ड्यूसबुर्गचे लोक भट्टी वाचवू शकले. कारण ती आपली आहे, हे सांगणारे लोक तेव्हा हयात होते. आपल्या घरांतून असे सांगणारे लोक दरवर्षी कमी होत आहेत. कोणी कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले, बदलीवर उभे राहण्यासाठी पहाटे दारावर किती वेळ थांबावे लागे, कोणाच्या छातीत कापसाचा तंतू बसून खोकला जडला, कोणाच्या घरी कितीजणांची खाणावळ चाले, हे प्रत्येक कुटुंबाने लिहून मंडळाकडे द्यावे. घरात जुने हजेरीचे पत्रक, गिरणीचा बिल्ला अथवा छायाचित्र असेल, तर त्याची प्रत द्यावी. ते सर्व पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापले जावे, आणि त्याची एक प्रत वस्त्रोद्योग-संग्रहालयासाठी महापालिकेकडे पाठवावी, अशी मी कार्यकारिणीस विनंती करतो. उद्या कोठे एखाद्या बंद गिरणीच्या जागी खरोखरच उद्यान झाले, तर तेथल्या झाडाखाली बसणाऱ्या मुलाला, ही सावली कोणाच्या घामावर उभी आहे, हे वाचता आले पाहिजे. तेवढा मजकूर पुरविण्याचे काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

 माहिती लिहून देण्यासाठी कोरे कागद बाहेरच्या मेजावर ठेवले आहेत. जाताना प्रत्येक कुटुंबाने एक घेऊन जावे, इतके सांगून मी आपली रजा घेतो.